चुकलेल्यानं जागा सोडू नये

“कुटुंबप्रमुख कोण?” असं साधनाबाईंनी विचारलं, आणि पार्वतीबाईंनी थापून दिलेली भाकरी तव्यावर टाकता टाकता रुख्मिणीच्या हातात दुमडली. प्रश्न काही वाकडा नव्हता. दोन हजार एक सालचा फेब्रुवारी, जनगणनेचे दिवस. जिल्हा परिषदेच्या शाळेतली ही बाई खांद्याला पिशवी अडकवून हिंगोलीच्या स्टेशनाअलीकडची गल्ली मोजत निघालेली, आणि दर उंबऱ्यावर हेच विचारत आलेली. लोक म्हाताऱ्याचं नाव सांगतात, नवऱ्याचं सांगतात, वर पाण्याचा तांब्या पुढं करतात. इथं तिघी बायका होत्या. पार्वतीबाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. शालूचं वय बत्तीस आणि समज सहा-सात वर्षांच्या लेकराची, पण पाण्याच्या दोन घागरी एका दमात उचलायची. आणि रुख्मिणीचा एक पाय वाळून गेलेला, दुसरा नावाला होता. काखेत कुबड्या घेतल्या की घरातल्या घरात फिरायची, बाहेर जायचं तर हातानं चालवायची तीनचाकी. तिघींचं एकमेकींशी नातं काय म्हणाल, तर वर्षानुवर्षं एका संस्थेच्या एका लांबट खोलीत खाटेला खाट लावून झोपलेल्या. याला सरकारी कागदात काय म्हणतात ते साधनाबाईंनाही ठाऊक नव्हतं. त्या पेनाचं टोपण चावत उभ्या राहिल्या.

रुख्मिणीनं भाकरी उलथून सरळ केली. मग मान वर न करता म्हणाली, “बाई, या दोघींला लिहा. मला नका लिहू. मी इथली न्हाई.”

साधनाबाईंना वाटलं पाहुणी असेल. पण पाहुणी म्हणावी तर स्टोव्हपाशी तिचाच पाट, फळीवरचे डबे तिच्याच हाताशी येतील असे खाली उतरवलेले. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की राहायला तिघी दिवाळीपासून इथंच आहेत; पण रुख्मिणीचं म्हणणं, आपलं नाव संस्थेतच राहू द्या, कारण आपला भाऊ मसाजी उकंडराव नरोटे येईल तेव्हा तो तिथं जाऊन विचारील. भाऊ कधी येणार? “दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन उतरत्यात ते,” रुख्मिणी म्हणाली. दसरा होऊन चार महिने झाले होते. साधनाबाई समजूतदार, त्यांनी पुढचा रकाना काढला. पार्वतीबाई मात्र पीठ मळता मळता नाकातून हसल्या. त्यांना हे चोवीस वर्षांचं पाठ होतं.

आता मेंढरामागच्या घरात जन्माला आलेल्या लेकराला नीट बोलता येण्याआधी एक गोष्ट शिकवलेली असते. चुकलेल्यानं जागा सोडू नये. आठ महिने चालणारं बिऱ्हाड, आज या शिवारात, उद्या त्या. त्यात एखादं पोरगं मागं राहायचंच. ते शोधायला निघालं की झालं, शोधणारे एका वाटेला आणि ते दुसऱ्या. म्हणून जिथं चुकलास तिथं बूड टेकायचं आणि उठायचं नाही. ज्याचं आहे तो माघारी फिरून येतो. रुख्मिणीला हे कळलं आखाडा बाळापूरच्या अलीकडं. सहा वर्षांची असेल. पाय तेव्हाच गेलेले, म्हणून तिची जागा घोड्यावर, गोधड्यांच्या वळकटीत, एका बाजूला कोंबड्यांची दुरडी आणि दुसऱ्या बाजूला दोन दिवसांची कोकरं. दुपारच्या उन्हात डोळा लागला आणि ती गोधडीसकट खाली घसरली. लागलं काहीच नाही. धुळीत बसून राहिली. बैलगाड्या गेल्या, एक एसटी गेली, एका बाईनं चल गं माझ्यासंगं म्हणून हात धरला, तिनं तो झटकला. दिवस कलताना बाप दिसला, उकंडा, पळत येणारा, पटका हातात. लांबूनच शिव्या देत आला, आणि जवळ आल्यावर शिव्या द्यायचा थांबला. पुढं कितीतरी दिवस जिथं मुक्काम पडेल तिथं तो सांगायचा, आमची रुखमी वीतभर हालली न्हाई. लोक कौतुकानं बघायचे. ती हलणार कशी होती, हे कुणाच्या ध्यानातच यायचं नाही, आणि तिच्याही ध्यानात फार उशिरा आलं. पण बापाच्या तोंडचं ते वाक्य तिनं जन्मभर जपलं. दुसरं कौतुक तिच्या वाट्याला फारसं आलंही नव्हतं.

चौदाव्या वर्षी ती घोड्याला जड झाली. आई गेली होती आदल्या साली, आणि उचलायची-ठेवायची ती आईच. बापानं आणि मसाजीनं काही दिवस ओढलं. मसाजी अठराचा, पाठीवर घेऊन चालायचा, पण तो तिच्यामागं राहिला की मेंढरं कुणाच्या तरी तुरीत शिरायची आणि मग भांडणं. कुणीतरी हिंगोलीच्या संस्थेचं सांगितलं. तिथं पाय नीट करतात, लिहायला शिकवतात, दोन वेळचं पोटाला मिळतं. ऑफिसात एक चष्मेवाला बसला होता. त्यानं बापाचा अंगठा घेतला, रुख्मिणीला बाहेर बाकावर बसवलं आणि बापाशी हळू आवाजात पुष्कळ वेळ बोलला. बाहेर आल्यावर बाप तिच्यापुढं उकिडवा बसला. “इथंच बस,” म्हणाला. “हालू नको. येतो.” बस्स. मसाजीनं मागं वळून दोनदा बघितलं, बापानं एकदाही नाही. ती त्या बाकावर अंधार पडेपर्यंत बसली होती, जेवायलाही आत जाईना. शेवटी तिथल्या दोघी बायकांनी उचलून नेली.

तशी ती पुढं चोवीस वर्षं बसली म्हणायची. संस्थेत सगळे तिला हट्टी म्हणायचे. सतराव्या वर्षी औरंगाबादला ऑपरेशन करायचं ठरलं, एक पाय पुष्कळ सुधारला असता असं डॉक्टर म्हणत होता. महिनाभर दवाखान्यात राहावं लागणार म्हटल्यावर ती खाटेच्या लोखंडाला मिठी मारून बसली, ती गाडी निघून जाईपर्यंत सुटली नाही. शिवणाचा वर्ग परभणीला होता, नाही गेली. दर दसऱ्याला मात्र अंग धुवून, वेणी घालून, फाटकासमोर उन्हात बसायची, आणि दिवाळी उलटली की आत यायची. कार्तिकातल्या थंडीत तिला वाऱ्यावर लोकरीचा ओला वास यायचा, कुठून यायचा देव जाणे, चार बाजूंनी भिंत आणि पलीकडं लाकडाची वखार. तो वास आला की मान फाटकाकडं वळायची. मग वाटायचं, आज येतील. मग संध्याकाळ व्हायची. असं किती वेळा झालं याची तिनं मोजदाद ठेवली नाही. पण एकदाही तिच्या मनात असं आलं नाही, की आपल्याला सोडून दिलंय. आपण चुकलोय, एवढंच. चुकलेल्याला शोधतात.

आणि मग हरीश आला. संस्थेत नवीन लागलेला, तिशीतला, बोलायला गोड आणि कामाला चिवट. त्याचं म्हणणं, मोठ्या झालेल्या बायकांनी जन्मभर घंटेवर उठायचं आणि घंटेवर जेवायचं हे काही खरं नाही. गावात घर घेऊ, चार माणसांसारख्या राहा, अडलं-नडलं तर मी आहेच. सहा महिने तो घरासाठी वणवण फिरला. तिघी अपंग बायका म्हटल्यावर लोक आधी हळहळायचे आणि मग भाड्यानं द्यायला नाही म्हणायचे. शेवटी पुनमचंद नावाच्या दुकानदारानं आपल्या गोदामामागच्या दोन खोल्या दिल्या. पार्वतीबाई लगेच तयार. शालूला जिथं पार्वतीबाई तिथं सगळं सारखंच. अडून बसली ती रुख्मिणी. हरीशनं गोड बोलून पाहिलं, घर दाखवून आणलं, दारापाशी ती तीनचाकीवरून उतरली नाही. त्याला वाटलं घाबरते. ती कशाला घाबरते! तिला एवढंच दिसत होतं: मसाजी येतो, फाटकावर विचारतो, आणि चष्मेवाल्याच्या जागी बसलेला कुणी नवा माणूस म्हणतो, असं कुणी इथं नाही. तेवढ्यावर तो माघारी फिरतो. हे तिनं फक्त पार्वतीबाईंना सांगितलं. पार्वतीबाई तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “मी तं चालले. थापता मला येते, तवा मला दिसत न्हाई. तू न्हाई आली तं मी कच्चं खाईन, दुसरं काय.”

म्हणून ती आली. पण मेंढरामागची लेक, येताना रीतसर आली. मसाजीला अक्षर येत नाही, तेव्हा पत्त्याचा कागद चिकटवून काय करायचं? त्यांच्यात मागून येणाऱ्यासाठी खूण ठेवतात: वाट फुटली की जी वाट घ्यायची नाही तिच्यावर पाल्याची डहाळी आडवी टाकायची. संस्थेच्या फाटकापासून घरापर्यंत तीन ठिकाणी वाट फुटत होती. रुख्मिणी रोज सकाळी तीनचाकीवर कडुलिंबाच्या डहाळ्या घेऊन निघायची आणि तीन ठिकाणी आडव्या टाकून यायची. झाडूवाली उचलून न्यायची, पोरं क्रिकेटचे स्टंप करायची, उरलेला पाला बकऱ्या खायच्या. दुसऱ्या दिवशी ही परत हजर. हरीशनं एकदा विचारलं, ताई, हे काय करून राहिल्या? देवाचं हाय, म्हणून तिनं त्याची बोळवण केली.

खरी पंचाईत निराळीच होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. तिला इथं आवडायला लागलं होतं. भाजीत मीठ आपल्या जिभेनं टाकायचं. कडी आतून लावायची. दुपारी तीनला वाटलं चहा, तर चहा. घंटा नाही की रांग नाही. शालू नळावरून यायची ती गल्लीतल्या बायकांच्या दोन-दोन बातम्या घेऊन, अर्ध्या उलट्या, आणि तिघी हसून हसून बेजार व्हायच्या. हसून झालं की रुख्मिणी दाराकडं बघायची. एका दिवशी तर ती डहाळ्या टाकायला विसरली. विसरली! दुपारी आठवलं तेव्हा ती तशीच भर उन्हात तीनचाकी रेटत गेली. परत आल्यावर पार्वतीबाईंनी पाण्याचा तांब्या तेवढा हातात दिला.

हे सगळं त्या दुमडलेल्या भाकरीच्या आणि पुढच्या भाकरीच्या मधे तिच्या मनातून वाहून गेलं. साधनाबाई पायरीवर बसल्या होत्या. नियम असा आहे, त्या समजावत होत्या, की माणूस राहतं तिथं त्याला मोजायचं, आणि एकदाच मोजायचं. इथं नाही लिहिलं तर संस्थेतही लिहिणार नाहीत, आणि मग तुम्ही कुठंच नाही. कुठंच नाही, हे शब्द रुख्मिणीला झोंबले. तिनं विचारा म्हणून खूण केली. जन्म कुठला? तो कुण्या गावाचा सांगावा? सेनगावकडच्या एका वावरात, बोरीच्या झाडाखाली, कापसाच्या पऱ्हाट्या उपटायच्या दिवसांत, आणि दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड पुढं. साधनाबाईंनी सेनगाव लिहिलं. जिल्हा? तेव्हा परभणी होता, दोन वर्षांपूर्वी हिंगोलीचा वेगळा झाला. रुख्मिणी जागची हलली नव्हती, जिल्हा हलला होता. यावर शालूसकट सगळ्या हसल्या. अपंगत्वाचे रकाने होते, ते तिघींनी मिळून चांगले भरले. मग साधनाबाईंनी विचारलं, आधीचं ठिकाण सोडून हिंगोलीत यायचं कारण? काम, लग्न, शिक्षण, का कुटुंबासोबत आलात?

“कुटुंबासंगं आले,” रुख्मिणी म्हणाली. मग थांबून म्हणाली, “कुटुंब पुढं गेलं.”

साधनाबाईंचं पेन कागदावर टेकून राहिलं. त्यांनी काय लिहिलं ते तिनं पाहिलं नाही. कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात पार्वतीबाईंनी परस्पर सांगून टाकलं, लिहा रुख्मिणी उकंडराव, तवा तिच्याकडं हाय. रुख्मिणीनं नको म्हटलं नाही. पण साधनाबाई गेल्यावर तिला जेवण गेलं नाही. कागदावर शाईनं लिहिलं गेलं होतं. आता ती इथली होती, सरकारदरबारी. बाळापूरच्या वाटेवर धुळीत बसलेल्या पोरीला त्या बाईनं हात धरून उठवलंच होतं शेवटी, असं तिला राहून राहून वाटत होतं. त्या रात्री तिला बाप दिसला, तोंड नसलेला. तोंड आठवायचा तिनं पुष्कळ प्रयत्न केला. पटका आठवला, हाताला येणारा तंबाखूचा वास आठवला, नाकडोळे काही आठवले नाहीत.

मार्च लागला आणि दुसऱ्याच दिवशी साधनाबाई परत आल्या. मधल्या दिवसांत कुणी जन्मलं, कुणी गेलं, याची फेरतपासणी असते म्हणे. ते त्यांनी उभ्या उभ्या उरकलं आणि मग कुणी न सांगता आत येऊन बसल्या. त्यांचे मालक शिवशंकर गुरुजी कनेरगाव नाक्याच्या शाळेवर होते, आणि ज्यांना घर नाही अशा लोकांची, पालावरच्यांची, मेंढरांमागच्यांची मोजणी अठ्ठावीस तारखेला त्यांच्याकडं होती. सांगू नये खरं तर, साधनाबाई म्हणाल्या, पण ऐका. नाक्याच्या अलीकडं एका वावरात मेंढरं बसलीत. त्यातला कारभारी माणसं सांगताना एक नाव जास्तीचं सांगत होता. गुरुजींनी विचारलं, ही बाई कुठंय? तर म्हणे हिंगोलीत. मग इथं कशी लिहू? यावर तो गुरुजींशी अर्धा तास भांडला, की आमचं माणूस आमच्यात काहून लिहीत न्हाई. त्याचं नाव मसाजी उकंडराव नरोटे.

रुख्मिणीला पहिल्यांदा काही वाटलंच नाही. तिनं स्टोव्हला हवा भरली, भरलेली होती तरी भरली. पार्वतीबाईंनी चाचपडत तिचा खांदा शोधला आणि तिथं हात ठेवला. मेंढरं परवा पुढं वाशिमकडं निघणार, साधनाबाई सांगत होत्या. परवा. म्हणजे तिच्यापाशी एक दिवस होता. आणि चुकलेल्यानं जागा सोडू नये. ती रात्र तिनं कुशी बदलत काढली. आपण निघालो आणि तो इकडं यायला निघाला तर? पण तो कशाला निघेल, त्याला ठाऊक होतं ना हिंगोलीत आहे ते. पंचवीस किलोमीटरवर बसला होता. पहिल्यांदाच तिच्या मनात हे असं उघडं आलं. ठाऊक होतं. चुकलेलं माणूस कुठं आहे हे ठाऊक असलं, तर ते चुकलेलं कसलं? पहाटे तिनं शालूला उठवलं आणि वेणी घालायला बसली.

जीपवाल्यानं कुबड्या टपावर टाकल्या. शालूनं तिला उचलून पुढच्या सीटवर ठेवलं आणि स्वतः मागं उभी राहिली. रस्ताभर दोन्ही बाजूंना कापणी झालेली वावरं, हरभऱ्याचे ढीग, भेगाळलेली काळी जमीन. इतकं आभाळ तिनं चोवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. नाक्याच्या अलीकडं उतरल्या तेव्हा ढाब्यावरच्या माणसानं हातानंच दाखवलं, ते काय बसलेत. ढेकळांतून कुबड्या रुतत होत्या. दहा पावलं चालायची, थांबायची, घाम पुसायची. मग वारा फिरला आणि तो वास आला, लोकरीचा, लेंड्यांचा, दुधाचा, खराखुरा. रुख्मिणी उभ्या उभ्या रडली. शालू म्हणाली, काहून रडतीस, मेंढ्या चावत न्हाईत.

कुत्री भुंकली. चुलीपाशी बसलेला माणूस उठला, पिकलेल्या मिशांचा, वाकलेला, आणि कोण पाहिजे बाई, असं म्हणाला. ती काही बोलायच्या आत दहा-अकरा वर्षांची एक पोरगी कोकरू काखोटीला मारून पुढं आली, रागिणी तिचं नाव, तिनं कुबड्या पाहिल्या, पाय पाहिले आणि बापाकडं वळून म्हणाली, “आबा, ही रुखमी हिंगोलीत हाय का?”

‘रुखमी हिंगोलीत’ हेच जणू तिचं पूर्ण नाव होतं. मसाजी जागच्या जागी खाली बसला. मग त्यानं तिच्या कुबडीला हात लावून पाहिला, तिला नाही. बायकोनं घोंगडी अंथरली, चहा केला. बाप जाऊन सहा वर्षं झाली होती. घोडं मेलं होतं, हे दुसरं. मेंढरं दोनशेवर होती. असं सगळं इकडचं-तिकडचं बोलून झालं, शालू कोकरांत जाऊन बसली, आणि रुख्मिणीनं विचारलं, काहून आला न्हाईस.

“त्या चष्मेवाल्यानं आपल्या आबाला सांगितलं हुतं, सहा महिने तोंड दावू नका, पोरगी रमत न्हाई,” मसाजी म्हणाला. तो मातीकडं बघत बोलत होता. “मंग दुसऱ्या साली आबा आला की. फाटकापस्तोर आला. तू पोरींत बसून हासत हुती. आबा तसाच माघारी फिरला. म्हणला, रमली. दुसऱ्या मेंढीला लावलेलं पिल्लू तिला पिऊ लागलं की त्याला जुनी आई दावू नये, न्हाईतं ते कुठलंच ऱ्हात न्हाई. आमाला बी शपथ घातली त्यानं.”

हा नियम तिला ठाऊक होता. लहानपणी तिनंच असली पिल्लं राखली होती, आई समोरून गेली की त्यांच्या डोळ्यांवर हात ठेवायची. ती आठवू लागली, कोणतं हसणं? दुसऱ्या साली म्हणजे पंधरा वर्षांची. कुणी काय म्हटलं होतं? कोण पोरी? एखादी पडली असेल, कुणी नक्कल केली असेल. दसऱ्याचंच ऊन असेल आणि ती फाटकाकडं बघत बसलेली असेल दिवसभर, आणि तेवढ्या एका घटकेला मान वळवून हसली असेल. त्या हसण्याची किंमत चोवीस वर्षं. एकीकडं ती त्यांच्या एका नियमानं बसून होती, दुसरीकडं ते त्यांच्या दुसऱ्या नियमानं लांब राहिले होते, आणि कुणाचंच चुकलं नव्हतं. याचा तिला इतका राग आला की हातातला कप घोंगडीवर कलंडला. “मी आपरेशनला न्हाई गेले रे,” ती म्हणाली. “पाय नीट झाला असता. तुमी याल म्हणून न्हाई गेले.”

मसाजीनं पटक्याच्या टोकात तोंड घातलं. मेंढरं दाटीवाटीनं रवंथ करत होती. मग त्यानं सांगितलं की ते तिला विसरले नव्हते. रोज दिवस मावळताना मेंढरं जाळीत कोंडली की आबा माणसं मोजायचा, आणि आबा गेल्यावर तो मोजतो. सगळ्यांची नावं घ्यायची, आणि शेवटी म्हणायचं, आन् रुखमी हिंगोलीत. त्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. पोरं तेच ऐकत मोठी झाली. “चल आता,” तो म्हणाला. “नवं घोडं दांडगं हाय. माझी दोन पोरं हायेत उचलायला. आता कुणाचं ऐकायचं न्हाई.”

ती घोड्याकडं बघत राहिली. तांबडं, कपाळावर पांढरा ठिपका, पाठीवर गोधड्यांची वळकटी. तिला जायचं होतं. देवा, किती जायचं होतं! वळकटीत बसून, कोकरं कुशीला घेऊन, वाशिमकडच्या वाटेनं. हेच तर मागितलं होतं दर दसऱ्याला. पण पार्वतीबाई सकाळी म्हणाल्या होत्या, तुमी येईस्तोर मी पीठ भिजवत न्हाई, आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. दुपार कलली होती. त्या भिंतीला टेकून, दाराकडं कान लावून बसलेल्या असणार. उपाशी. कुणाची तरी वाट बघत बसणं म्हणजे काय हे रुख्मिणीइतकं जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं मसाजीला स्टेशनाअलीकडची गल्ली सांगितली, पुनमचंदचं गोदाम सांगितलं. तो येईन म्हणाला, मेंढरं परत फिरली की. मेंढरं कधी फिरतात ते तिनं विचारलं नाही. कुबड्या जवळ ओढल्या.

“मसाजी, आजपून मला तुमच्यात मोजू नको,” ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं.

“माझं तिकडं लिहून झालंय. माणूस एकाच जागी मोजतेत.”

मसाजीची नजर सगळ्यांवरून फिरली, बायको, दोन पोरं, रागिणी. त्याचे ओठ हलत होते.

“मंग रोज एक कमी भरल की,” तो म्हणाला.

“भरू दे,” रुख्मिणी म्हणाली, आणि तिनं शालूला हाक मारली.